घसरगुंडीखाली काय अंथरायचं? वाळू, ईपीडीएम, रबरी लाद्या आणि नकली हिरवळ यांची पारख

नव्या उद्यानाचं उद्घाटन झालं की फोटो घसरगुंडीचे येतात. निविदेतला पैसाही तिथेच जातो: फायबरची रंगीत घसरगुंडी, दोन-चार झोके, ओपन जिमची यंत्रं. खाली काय अंथरायचं हे सगळ्यात शेवटी ठरतं आणि उरलेल्या पैशांत पेव्हर ब्लॉक बसतात. हा क्रम उलटा करायला हवा. खेळताना मूल पडणारच. पडल्यावर त्याला खरचटेल की डोकं फुटेल, हे जमीन ठरवते. चाकाच्या खुर्चीतलं मूल झोक्यापर्यंत पोचेल की फाटकाशीच थांबेल, हेही जमीनच ठरवते. म्हणून इथे खेळणी बाजूला ठेवून त्यांच्याखालच्या मालाची पारख केली आहे. प्रत्येक मालाला तीच तीन परीक्षा: पडलं तर वाचवतो का, त्यावरून चाक फिरतं का, आणि आपल्याकडचे चार पावसाळे काढल्यावर त्याचं काय होतं.

आधी मापं

मापं हातात नसतील तर पुरवठादार सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं. खेळण्यांसाठी युरोपातलं ईएन ११७६ आणि खालच्या जमिनीसाठी ईएन ११७७ ही मानकं आहेत. अमेरिकेत जमिनीसाठी एएसटीएम एफ १२९२ आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत हीच नावं छापलेली असतात, म्हणून तीच वापरू. चाचणीत डोक्यासारखा, साडेचार किलोच्या आसपास वजनाचा अर्धगोल वाढत्या उंचीवरून टाकतात आणि आतलं यंत्र धक्का मोजतं. एचआयसी नावाचा, डोक्याला किती इजा होईल ते सांगणारा आकडा ज्या उंचीला १००० वर पोचतो, ती त्या जमिनीची हद्द. तेव्हा ‘आमचं रबर सेफ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती मीटरपर्यंत सेफ, किती जाडीला, आणि त्या जाडीचा चाचणी अहवाल कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा.

दुसरं माप क्षेत्राचं. पडण्याची उंची दीड मीटरपर्यंत असेल तर खेळण्याभोवती चहूबाजूंनी दीड मीटर मऊ जमीन लागते. त्याहून जास्त उंची असेल तर उंचीच्या दोन तृतीयांशात अर्धा मीटर मिळवायचा. १.८ मीटर उंचीच्या फलाटाला १.७ मीटर, ३ मीटरला अडीच मीटर. ३ मीटरच्या वर जायचंच नाही. घसरगुंडीच्या तोंडापुढे मात्र २ मीटर मोकळी मऊ जागा हवी, दोन्ही बाजूंना एकेक मीटर.

झोक्याचं गणित वेगळं आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. झोक्याची लांबी, म्हणजे वरच्या कडीपासून बसायच्या फळीपर्यंतचं अंतर, ०.८६७ ने गुणायची. खाली रबर असेल तर त्यात १.७५ मीटर मिळवायचे, वाळू असेल तर २.२५. जे येईल तेवढी जागा पुढे आणि तेवढीच मागे. झोका २ मीटर लांब असेल तर वाळूवर दोन्ही दिशांना मिळून साधारण ८ मीटर, रबरावर ७ मीटर. प्रत्येक फळीला १.७५ मीटर रुंदी धरली तर दोन फळ्यांच्या झोक्याला वाळूची पट्टी होते ३.५ गुणिले ८, म्हणजे २८ चौरस मीटर. बहुतेक उद्यानांत झोक्याखाली जेमतेम दोन मीटरची चौकट असते, तीही मधोमध. मूल पडतं ते झोका पुढे गेलेला असताना. म्हणजे नेमकं चौकटीच्या बाहेर.

पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, फरशी हे ६० सेंटीमीटरहून उंच कशाखालीही चालत नाहीत. त्यावर यापुढे शब्द खर्च करत नाही.

वाळू

वाळू जुनी, स्वस्त आणि नीट राखली तर फार चांगली. मानकाप्रमाणे दाणा ०.२ ते २ मिमीचा, धुतलेला, मातीविना. २ मीटर उंचीपर्यंत २०० मिमी थर, आणि पाय मारून वाळू सरकते म्हणून वर १०० मिमी जास्त. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची पुस्तिका याहून कडक आहे: दबलेल्या ९ इंच वाळूला ती चार फुटांच्या वर मान्यता देत नाही. दोन्ही आकडे समोर ठेवले तर दीड मीटरच्या वर वाळूवर विसंबू नये असं आमचं मत. झोक्याखाली ती चालते. झोका ६० अंशांपर्यंत गेला असं धरून उंची मोजतात. २ मीटरच्या झोक्यात फळी तेव्हा १ मीटरने वर चढलेली असते, त्यात बैठकीची ४० सेंटीमीटर धरली की १.४ मीटर.

वर काढलेल्या २८ चौरस मीटरला ३०० मिमीने ८.४ घनमीटर वाळू लागते. म्हणजे जवळपास ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). अंदाजपत्रकात दोन झोक्यांना एक ब्रास वाळू दिसली तर तिथेच बोट ठेवा. एवढ्यात दहा सेंटीमीटरचा थर होतो आणि पहिल्या महिन्यात झोक्याखालचा मुरूम उघडा पडतो.

आता वाळू कोणती, हा आपल्याकडचा खरा पेच. नदीची वाळू महाग झाली, तिच्या उपशावर निर्बंध आहेत आणि ते असायलाही हवेत. म्हणून ठेकेदार क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणून टाकतो. क्रश सँडचा दाणा कोनदार असतो, त्यात दगडाची भुकटी असते. पाऊस पडला की भुकटी खाली बसते, ऊन पडलं की सगळं घट्ट होतं आणि दोन मोसमांत खड्ड्यात जवळपास काँक्रीट तयार. क्रश सँडच घ्यायची तर धुतलेली घ्या आणि गाडी रिकामी करण्याआधी मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत हलवून दहा मिनिटं ठेवा. वर गढूळ थर जाड दिसला तर गाडी परत पाठवा.

तालमीतला हौदा आठवून पाहा. तिथली लाल माती मऊ असते ती तेल, ताक, हळद घातल्यामुळेच नव्हे. रोज कुणीतरी फावडं घेऊन ती खणतो, उलटीपालटी करतो, म्हणून ती मऊ राहते. उद्यानातली वाळू आठवड्यातून एकदा दाताळ्याने उकरली, झोक्याखालची खळी भरून काढली आणि वर्षाला दोनदा खोलवर उलटली, तर तीही वर्षानुवर्षं काम देते. खांबावर ठरलेल्या पातळीला ठळक रंगाची रेघ मारून घ्या. वाळू रेघेच्या खाली गेली की माळ्याला सांगायला इंजिनिअर लागत नाही, येणाऱ्या आजोबांनाही कळतं. उकरतानाच काचा, बाटल्यांची बुचं, कुत्र्या-मांजरांची घाण निघते. जिथे रात्री फाटक बंद होत नाही आणि भटकी कुत्री मोकाट येतात, तिथे मात्र लहान मुलांच्या भागात वाळू टाकू नये.

चाकाच्या परीक्षेत वाळू साफ नापास. खुर्चीचं पुढचं छोटं चाक वाळूत रुततं आणि खुर्ची जागीच थांबते. कुबड्याही रुततात. त्यामुळे संपूर्ण खेळाची जागा वाळूची केली, तर काही मुलांसाठी ती बंदच झाली. वाळू हवी, पण ठरावीक खड्ड्यांत, आणि तिथपर्यंत घट्ट रस्ता हवा.

ओतीव ईपीडीएम

ईपीडीएम हे एक कृत्रिम रबर. त्याचे दाणे कालवून जागेवरच पसरतात, म्हणून ओतीव. पालिकांच्या उद्यानांत आणि मोठ्या सोसायट्यांत सध्या हाच माल चालतो. नीट घातला तर तो या यादीत पहिला. वाईट घातला तर सगळ्यात महाग कचरा.

रचना दोन थरांची. खाली एसबीआर, म्हणजे जुन्या टायरांचे काळे दाणे, पॉलियुरेथेन बाइंडरमध्ये, म्हणजे दाणे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावात, कालवून पसरलेले. वर ईपीडीएमचे १ ते ४ मिमीचे रंगीत दाणे, १० ते १५ मिमी जाड. धक्का झेलतो तो खालचा काळा थर, रंगीत थर घासणं आणि ऊन झेलतो. ढोबळ मानाने एकूण ४० मिमी जाडी सव्वा मीटरच्या पडण्याला पुरते, ३ मीटरला १०० मिमीच्या आसपास लागते. नेमका आकडा त्या उत्पादकाच्या चाचणी अहवालात पाहायचा, कारण दाणा आणि बाइंडर बदलला की तो बदलतो. निविदेत ‘२५ मिमी ईपीडीएम फ्लोअरिंग’ एवढंच लिहून सगळ्या उद्यानाला एकच जाडी देणं हा सर्रास होणारा प्रकार आहे. २५ मिमी पायवाटेला ठीक. दोन मीटरच्या घसरगुंडीखाली ते रंगवलेलं काँक्रीटच समजा.

दाणा ओळखायला एक ब्लेड पुरे. पोत्यातून एक रंगीत दाणा घ्या, नखावर धरून मधोमध कापा. खरा ईपीडीएम आतपर्यंत त्याच रंगाचा असतो. आत काळा निघाला तर तो टायरचा दाणा आहे, वरून रंग चढवलेला. वर्ष-दीड वर्षात मुलांच्या चपलांनी रंग निघून जमीन काळी पडते. आतून रंगीत असला तरी दोन बोटांत चुरून पाहा. रबर कमी आणि चुन्याची भर जास्त असेल तर दाणा लवचिक न राहता तुटतो. पोती मोजायचीही सवय ठेवा. १० मिमीच्या थराला चौरस मीटरमागे साधारण ८ ते ९ किलो दाणा लागतो, तेव्हा झोक्याच्या ७ गुणिले ३.५ मीटर पट्टीला २५ किलोची आठ-नऊ पोती फुटायला हवीत. चारच फुटली तर वरचा थर पाच मिमीचा झालाय. बाइंडर वरच्या थराला दाण्याच्या वजनाच्या १८ ते २० टक्के, खालच्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाइंडर ही सगळ्यात महाग वस्तू, म्हणून काटकसर तिथेच होते. हाताने घासल्यावर दाणे सुटून आले तर ते बाइंडर कमी पडल्याचं लक्षण.

हा बाइंडर हवेतल्या ओलाव्याने सुकतो. थोडा ओलावा त्याला हवाच, पण पाऊस पडला की तो फसफसतो, बुडबुडे धरतो आणि थर स्पंजासारखा पोकळ होतो. खालचा पाया ओला असेल तर थर चिकटतच नाही. मे महिन्याच्या उन्हात तो उलट इतक्या झपाट्याने आवळतो की एका घाण्याचा आणि पुढच्या घाण्याचा सांधा कायमचा दिसतो, आणि पुढे तिथूनच उकलतो. महाराष्ट्रात या कामाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कार्यादेश मार्चअखेर निघतो, पाया मेमध्ये होतो आणि रबर जूनच्या पहिल्या सरीत पडतं. अशी जमीन पुढच्या गणपतीपर्यंत पापुद्रे सोडते. उशीर झाला तर पाया करून ठेवा आणि रबर दिवाळीनंतर घाला. घातल्यावर एक-दोन दिवस फाटक बंद.

पाया म्हणजे या कामाचा अर्धा जीव. जिथे काळी माती आहे तिथे वरवरचं पीसीसी, म्हणजे साधं बिनसळयांचं काँक्रीट, घालून चालत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पीसीसी तडकतं आणि त्या रेषेवर रबर फाटतं. किमान ३०० ते ४५० मिमी काळी माती काढा, १५० मिमीच्या थरांनी मुरूम दाबून भरा, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग १०० ते १५० मिमी खडी आणि वर बारीक ग्रिट. ओतीव रबरातून पाणी झिरपतं, त्यामुळे खडीचा पाया पाणी पुढे नेतो. पीसीसीच करायचं असेल तर मीटरला एक सेंटीमीटर उतार द्या आणि खालच्या कडेला पाणी जायला भोकं किंवा नाली ठेवा. नाहीतर काँक्रीटच्या बशीत पाणी आणि वर रबराचं झाकण, अशी स्थिती होते. कोकणात त्यावर पाय ठेवला की पचक् आवाज येतो आणि कडेने हिरवं पाणी वर येतं.

कडा सोडल्या की जमीन गेली. रबर काही काळाने किंचित आकसतं, कडेला फट पडते, मुलं त्यात बोट घालून दाणे उपसतात. थर कडेला निमुळता करून शून्यावर आणणं हा सगळ्यात वाईट मार्ग, तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला जातो. कडेला कर्बस्टोन रबराच्या पातळीतच बसवा, त्याच्या आतल्या बाजूला प्रायमर लावा आणि पूर्ण जाडी तिथपर्यंत न्या. पातळीतच, हे महत्त्वाचं. दोन इंच वर आलेल्या कर्बने खुर्ची अडते आणि पळणारं मूल ठेचकाळतं.

रंगाबद्दल थोडं. नेहमीचा बाइंडर उन्हाने पिवळट होतो. लाल, विटकरी, गडद हिरव्यावर ते कळत नाही. फिकट निळ्यावर महिन्याभरात मळकट छटा येते. निळाच हवा असेल तर न पिवळणारा ॲलिफॅटिक बाइंडर मागा, तो बराच महाग पडतो. डॉल्फिन आणि फुलपाखरांची नक्षी फोटोत छान दिसते, पण कमी दिसणाऱ्या मुलाला गडद ठिपका खड्ड्यासारखा भासतो. त्याऐवजी झोक्याच्या धोक्याच्या पट्टीला एक ठळक वेगळा रंग आणि वेगळा खरखरीतपणा द्या. पांढऱ्या काठीलाही तो कळतो.

उन्हाचा प्रश्न मात्र रंगाने सुटत नाही. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचं रबर ६० अंशांच्या पुढे जातं. अनवाणी तान्ह्या मुलाला भाजतं. तळहात पाच सेकंद ठेवता आला नाही तर तिथे मूल सोडू नये. उपाय सावलीचा: नैऋत्येला, रबराच्या कडेपासून लांब, कडुनिंब किंवा करंज. रबरावर थेट नको, कारण सतत सावली आणि पालापाचोळा म्हणजे शेवाळ. जांभूळ तर मुळीच नको, डाग जात नाहीत. वड, पिंपळ, उंबर मुळांनी जमीन उचलतात. झाड मोठं होईपर्यंत पाच-सहा वर्षं शेडनेटचा मांडव लागेल. तो अंदाजपत्रकात लिहा. स्टीलची घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून बसवली की तीही कमी तापते.

रबर कायमचं नसतं. माती बसून छिद्रं बुजतात, ऊन खाऊन थर कडक होतो, आणि दिसायला नवीन असतानाच धक्का झेलायची ताकद घटते. महिन्यातून एकदा झाडून पाण्याचा फवारा (नोझल रबरापासून फूटभर दूर धरून), दोन-तीन वर्षांनी वरून बाइंडरचा पातळ हात. झोक्याखालची झीज झाली तर डाग लावत बसू नये. चौकोनी तुकडा पूर्ण खोलीपर्यंत कापून, चारी कडांना प्रायमर लावून नवीन भरावं.

टायरचा पुनर्वापर म्हणून या मालाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणतात. अर्धं खरं आहे. टायर एकदा वापरात येतो हे चांगलं. पण बाइंडरमध्ये कालवलेलं आणि मातीने भरलेलं रबर उखडल्यावर त्याचं पुढे फार काही करता येत नाही. म्हणून आमची शिफारस: पडण्याच्या जागी पूर्ण जाडीचं घाला, रस्त्याला पातळ, आणि बाकी उद्यान मातीचं ठेवा. उद्यानभर लाल-निळं रबर अंथरणं म्हणजे पैसा, पाणी झिरपण्याची जागा आणि गारवा तिन्ही घालवणं.

रबरी लाद्या

५०० गुणिले ५०० मिमीच्या लाद्या कारखान्यात दाबून येतात, त्यामुळे जाडी फसवता येत नाही. दुरुस्तीला एक लादी काढून दुसरी घालता येते. छोट्या सोसायटीला, जिथे ओतीव कामाचा गट यायला तयार होत नाही, तिथे हा मार्ग बरा. पण उन्हाने कोपरे वर वळतात. एक कोपरा पाच मिमी उचलला की खुर्चीचं चाक आणि धावणारा पाय दोन्ही अडकतात. फटींत माती, मातीत गवत, गवताने लादी सरकते. घ्यायच्या तर बाजूला खुंट्यांनी एकमेकींत बसणाऱ्या घ्या, काँक्रीटवर पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवा, आणि दहा टक्के लाद्या जास्तीच्या आणून ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. मुरूमावर मोकळ्या ठेवलेल्या लाद्या चोरीला जातात.

नकली हिरवळ

नुसती नकली हिरवळ पडणाऱ्या मुलाला मुळीच वाचवत नाही. काँक्रीटवर चिकटवलेली ३० मिमीची पाती म्हणजे काँक्रीटच. खाली शॉक पॅड, म्हणजे धक्का झेलणारी मऊ गादी हवी आणि पात्यांत भर हवी. रबरापेक्षाही ती जास्त तापते. पावसात घाण अडकून वास धरते, पाती तुटून नाल्यात जातात. भर म्हणून रबराचे दाणे टाकू नका, सिलिका वाळू टाका: असे सूक्ष्म प्लास्टिकचे दाणे विकण्यावर युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला आणि खेळाच्या मैदानांना २०३१ पर्यंतचीच मुदत दिली. टायरच्या दाण्यांतल्या विषारी घटकांवर तिथे २०२२ पासून किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ईपीडीएमखालचा एसबीआर घेतानाही या घटकांचा चाचणी अहवाल मागायला हरकत नाही. लहान मुलांच्या खेळाच्या जागेसाठी नकली हिरवळ आम्ही सुचवत नाही.

फांद्यांची छिलपटं

आपल्याकडे फारसा कोणी वापरत नाही, आणि हे खटकतं. पावसाळ्यापूर्वी पालिका झाडांच्या फांद्या छाटते, चिपर यंत्रातून त्यांचा भुगा करते आणि तो खतात किंवा कचऱ्यात जातो. ५ ते ३० मिमीची सालविरहित छिलपटं ३०० मिमी जाड पसरली तर धक्का उत्तम झेलतात. अमेरिकेच्या त्याच पुस्तिकेत ९ इंच छिलपटांना १० फुटांपर्यंत मान्यता आहे, वाळूच्या अडीचपट. दोष दोन: वाळवी आणि कुजणं. वर्षाला दोनदा भर घालावी लागते, पावसाळ्यानंतरची भर चुकवता येत नाही. बाभूळ, बोर अशा काटेरी फांद्या वेगळ्या काढायच्या. चाकाला ही जमीनही जड जाते, तेव्हा वाळूसारखीच ठरावीक जागी. देशावरच्या कोरड्या भागात चांगली, कोकणात नको.

चाकं कुठून कुठे जाणार

फाटकापासून प्रत्येक प्रकारच्या किमान एका खेळण्यापर्यंत दीड मीटर रुंद, घट्ट, सलग रस्ता हवा. चढ सोळास एकपेक्षा जास्त नको. वळायला दीड मीटरचं वर्तुळ. रस्त्यावरचं रबर पातळच ठेवा, जाड मऊ थरात खुर्ची ढकलायला जास्त जोर लागतो. फलाटावर चढायला रॅम्प परवडत नसेल तर २८० ते ४५५ मिमी उंचीचा ओटा करा, म्हणजे मूल खुर्चीतून त्यावर सरकून पायरी-पायरीने हातांवर वर जाऊ शकतं; धरायला कडी हवी.

खास ‘दिव्यांग झोका’, ज्यावर खुर्चीसकट चढतात, तो घेण्याआधी विचार करा. त्या लोखंडी तक्त्याचं वजन आणि वेग इतका असतो की आडवं आलेलं मूल गंभीर जखमी होतं. त्याला कुंपण आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. माणूस नसला की कुलूप लागतं, आणि मग तो कायमचाच बंद. त्याऐवजी टोपलीसारखा गोल जाळीचा झोका घ्या. त्यात झोपून, बसून, भावंडांसोबत सगळीच मुलं झुलतात. जमिनीच्या पातळीतलं फिरतं चक्रही सर्वांसाठी उत्तम खेळणं आहे: खुर्ची सरळ आत जाते, बाकीची मुलं कडेला उभी राहतात. पण त्याच्याखाली खड्डा असतो. खड्ड्यातून बाहेर जाणारा ११० मिमीचा पाइप उताराने नाल्यापर्यंत नेला नसेल तर पहिल्याच पावसात बेअरिंग पाण्यात बुडतं, ऑगस्टमध्ये चक्र किरकिरतं आणि दिवाळीला जाम होतं. चक्र बसवण्याआधी दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओता आणि ते कुठून बाहेर पडतं ते डोळ्यांनी पाहा.

वाळूत खेळायचं सुख खुर्चीतल्या मुलालाही मिळायला हवं. त्यासाठी उंच वाळूचं मेज: खाली गुडघ्यांसाठी ६१० मिमी उंच, ४३० मिमी खोल, ७६० मिमी रुंद मोकळी जागा, वरची कड ७८५ मिमीच्या आत. गवंडी आणि सुतार मिळून दोन दिवसांत करतात, आयात काही करावं लागत नाही.

टायरची खेळणी करणाऱ्यांसाठी एक सूचना: प्रत्येक टायरला तळाशी तीन-चार भोकं पाडा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तिथेच होते. आणि तार असलेले रेडियल टायर टाळा, झिजल्यावर तारेची टोकं बाहेर येतात; नायलॉनचे घ्या.

मैदानी खेळांची जागा

खो-खोच्या २७ गुणिले १६ मीटर मैदानावर आणि कबड्डीच्या मातीवर रबर घालायचे प्रस्ताव येतात. घालू नका. खो-खोत खेळाडू सूर मारतो आणि मातीवर घसरतो. रबरावर तो घसरत नाही, कातडं सोलतं आणि गुडघा पिळतो. चाळलेली लाल माती, खाली मुरूम, मधून कडेकडे किंचित उतार, मोसमात पाणी मारून रोलर, एवढं पुरतं. खांबाभोवती माती जास्त खणून मऊ ठेवा. पैसे उरले तर ते कडेच्या घट्ट रस्त्यावर आणि सावलीतल्या बाकांवर घाला; बाकाशेजारी ९०० मिमीची मोकळी जागा सोडा, म्हणजे खुर्चीतला प्रेक्षक रांगेतच बसेल.

एवढं सगळं करून फाटक चुकतं. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बसवलेलं वळणाचं लोखंडी फाटक खुर्चीलाही अडवतं, बाबागाडीलाही. मोकळी रुंदी ९०० मिमी हवी आणि आत वळायला दीड मीटर. दुचाकी थांबवायला वळणाचं फाटक न लावता रखवालदार ठेवा, किंवा ९०० मिमी अंतराने खांब रोवा. दुचाकी थोड्याफार आत येतील. त्यासाठी फाटकाजवळच बाहेर पार्किंगची जागा आखून द्या, बहुतेक जण तिथेच लावतात.